घरचा माल आणि ‘शून्य भांडवल’: नाशिकच्या दोन विद्यार्थ्यांच्या द्राक्षधंद्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

मी नाशिकमध्ये एका कॉलेजात कॉमर्स शिकवते आणि उद्योजकता कक्षाचं कामही बघते, म्हणजे मुलांनी काही छोटा धंदा काढला की हिशोब, कागदपत्रं, कधी नुसतं ऐकून घेणं. हे प्रकरण २०२३ च्या द्राक्ष सीझनचं आहे. दोघांनाही विचारून लिहितेय, नावं बदललीत, गावाचं नाव घेत नाही, आकडे त्यांच्याच वहीतले आहेत.

निखिल टीवायला, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाला होता, निफाड तालुक्यातला, घरी द्राक्षबाग. थॉमसन जातीच्या द्राक्षाचा एक एकराचा प्लॉट आणि सोनाका जातीचा अर्ध्या एकराचा. वडिलांना घरात सगळे नाना म्हणतात. सायली एसवायला, म्हणजे दुसऱ्या वर्षाला, राहायला इंदिरानगरला, वडील कंपनीत नोकरीला, शेतीशी संबंध म्हणजे मे महिन्यात मामाच्या गावाला जाणं एवढाच. तिने एकदा कॅन्टीनमध्ये सहज विचारलं की तुमच्याकडे द्राक्षं काय भावाने जातात, निखिल म्हणाला ३८ ला मागतायत, आणि तिच्या सोसायटीच्या गेटवर हातगाडीवाला ९०-१०० ने विकत होता. एवढ्यावरून धंदा सुरू झाला.

२६ जानेवारीची सुट्टी धरून पहिली खेप आली. दोन किलोचा पुठ्ठ्याचा बॉक्स, खाली कागदाचं कतरण, किंमत १६०, घरपोच. सायलीने सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि तीन दिवसात पाथर्डी फाटा, गोविंदनगर, कॉलेज रोड असे सगळीकडून मेसेज यायला लागले. निखिल पहाटे गावाला तोडणी करून घ्यायचा, शेजाऱ्याच्या भाजीच्या पिकअपमध्ये कॅरेट टाकून माल नाशिकला आणायचा, आणि सायलीच्या पार्किंगमध्ये दोघं बॉक्स भरायचे. मी एकदा गेले होते बघायला. निखिल घड देठाला धरूनच उचलायचा, मण्याला बोट लागू द्यायचा नाही, तडकलेला मणी दिसला की बारीक कात्रीने टिचकन काढायचा, आणि सायलीला सारखं सांगायचा की पुसू नको. मण्यावर जो पांढुरका थर असतो तो मेणासारखा, नैसर्गिक असतो, तो राहिला म्हणजे माल ताजा आणि कमी हाताळलेला. गिऱ्हाईक मात्र फोन करून विचारायचे की हे औषध आहे का, मग सायलीने बॉक्समध्ये एक चिठ्ठी टाकायला सुरुवात केली. मुलगी हुशार आहे.

पाच आठवड्यात ६१० बॉक्स गेले. मी वर्गात कौतुक केलं, माझ्या स्टेटसला ठेवलं. हिशोब बघायच्या आधी कौतुक केलं, ही माझी चूक आणि ती मी मान्य करते.

अडचण

फेब्रुवारीच्या शेवटी दोघं माझ्याकडे आले कारण आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत धंद्याचं प्रेझेंटेशन द्यायचं होतं. पहिल्याच स्लाईडवर मोठ्या अक्षरात ‘शून्य भांडवल’. वहीत हिशोब असा होता: विक्री ९७,६००. खर्च म्हणजे बॉक्स ८,५४०, पिकअपच्या नऊ खेपा ८,१००, पेट्रोल ६,२००, खराब मालाचे परत दिलेले ३,०००. नफा ७१,७६०, आणि तो अर्धा अर्धा वाटून झाला होता.

मी विचारलं, द्राक्षाचे पैसे कुठे लिहिलेत?

निखिल म्हणाला, “मॅडम, ती घरचीच आहेत ना.”

मी त्याला तिथेच थांबवलं आणि विचारलं की किती माल तोडला. विकला १,२२० किलो, पण वेचणी, खराब, वाटेतलं धरून तोडला साधारण १,४०० किलो. ३८ ने धरले तर ५३,२००. म्हणजे नफा राहिला १८,५६०. मग तोडणीच्या बायका. चार बायका, नऊ दिवस, ३५० रोज, म्हणजे १२,६००, ते नानांनी दिले होते आणि वहीत नव्हते. त्यांच्या गावात व्यापारी माल घेतो तेव्हा तोडणीचा खर्च व्यापाऱ्याच्या अंगावर असतो, म्हणजे हा खर्च या धंद्यामुळेच आला. राहिले ५,९६०. दोघांचे मिळून अडीचशे तास तरी गेले असतील, तासाला २४ रुपये पण पडत नाहीत. सायली काहीच बोलली नाही, फक्त वही स्वतःकडे ओढून परत बेरीज करायला लागली.

खरा झटका त्याच आठवड्यात बसला. नानांच्या कृषी सेवा केंद्राच्या उधारीची तारीख आली होती, औषधं आणि खतं सगळी सीझनवर उचललेली असतात, द्राक्ष निघालं की पैसे द्यायचे. नानांनी राहिलेल्या थॉमसनसाठी व्यापाऱ्याला बोलावलं. त्याने प्लॉटमध्ये वेलींच्या दोन लाईन फिरून बघितलं आणि म्हणाला, माल वेचलेला आहे, ३१ देतो. त्याच आठवड्यात शेजारचा प्लॉट ३६ ला गेला होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. व्यापारी सगळा प्लॉट एका रेटने घेतो तेव्हा त्यात चांगले, मध्यम आणि बारीक घड सगळे मिळून तो रेट असतो. मुलांनी पाच आठवडे काय केलं, तर मांडवाखाली फिरून सगळ्यात मोठ्या मण्याचे, एकसारखे, पिवळसर झाक आलेले घड तेवढे काढले. बॉक्स सुंदर दिसायचे ते त्यामुळेच. मागे राहिला तो माल बघूनच व्यापाऱ्याने रेट सांगितला. राहिलेला माल साडेआठ टन होता. किलोमागे ५ रुपये धरले तरी ४२,५०० चं नुकसान, आणि ते कुणाच्याच वहीत नव्हतं. ५,९६० मधून ते वजा केलं तर सगळा उद्योग ३६,५४० रुपये तोट्यात. ज्या धंद्याला आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो तो नानांच्या खिशातून चालला होता.

आणि नानांनी पोराकडे पैसे मागितले तेव्हा ते संपले होते. निखिलने रूमचं डिपॉझिट भरलं होतं आणि फोन घेतला होता, सायलीने गाडीचे हप्ते.

समोरचे पर्याय

चार दिवस ऑर्डर बंद ठेवल्या. या चार दिवसात काय काय बोलणं झालं ते नीट सांगते कारण प्रकरणाचा जीव इथे आहे.

पहिला पर्याय, बंद करायचं आणि सोनाकाचा प्लॉट सरळ व्यापाऱ्याला द्यायचा. निखिलची आई याच मताची होती आणि तिचं म्हणणं खोटं नव्हतं, परीक्षा तोंडावर होत्या.

दुसरा, नुसती किंमत वाढवायची, बॉक्स २०० ला करायचा. याने वहीतला आकडा सुधारला असता पण वेचलेल्या प्लॉटचा प्रश्न तसाच राहिला असता. सायली दोन दिवस याच्यावर अडून होती कारण तिला गिऱ्हाईक दिसत होतं, बाग दिसत नव्हती.

तिसरा पर्याय कर्जाचा. कुणीतरी त्यांना सांगितलं की मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारापर्यंत विनातारण मिळतं, ते घेऊन नानांची उधारी भागवा. योजना खरी आहे, २०१५ पासून चालू आहे आणि योग्य कामाला चांगली आहे. पण मी ठाम नाही म्हणाले. धंद्याला माल घ्यायला, मशीनला कर्ज घेणं वेगळं आणि जो तोटा कशामुळे झाला तेच अजून दुरुस्त केलं नाही त्या तोट्यावर कर्ज काढणं वेगळं. महिन्याभरात सीझन संपणार, हप्ते मात्र पुढे चालू.

चौथा पर्याय निखिलने स्वतः काढला आणि मला तो आवडला. नानांकडून माल ‘घ्यायचा’, म्हणजे बाहेरचा शेतकरी असता तर जसा घेतला असता तसा. सोनाकाच्या ठराविक लाईनी ठरवायच्या, त्या लाईनींमधला सगळा माल उचलायचा, चांगला-वाईट सगळा, शेतावरच्या काट्यावर वजन, ठरलेला रेट, दर रविवारी पैसे. वेचणी आपल्या लाईनीतच. बाकीच्या लाईनींना हात लावायचा नाही, म्हणजे व्यापाऱ्याला दाखवताना त्या अखंड राहतात.

याला सायलीचा आक्षेप होता की मग बारीक घडांचं काय करायचं, त्याचे पण त्याच रेटने पैसे मोजायचे का. प्रश्न एकदम बरोबर होता. उत्तर असं निघालं की हो, मोजायचे, आणि ते विकायचा रस्ता शोधायचा तोच आपला धंदा, कारण आतापर्यंत तो भाग नाना करत होते.

एक अवघड मुद्दा राहिला, मागच्या पाच आठवड्यांचं काय. सायली म्हणाली, “मला माहीतच नव्हतं की वेचलं की प्लॉटचा रेट पडतो.” खरंच नव्हतं. निखिलला मात्र माहीत असायला हवं होतं, तो त्या मांडवाखाली लहानाचा मोठा झालेला. दोघांमध्ये यावरून बरंच वाजलं, एक संध्याकाळ बोलणंच बंद होतं. शेवटी ठरलं की तोडलेल्या द्राक्षाचे ५३,२०० दोघांनी निम्मे निम्मे द्यायचे, प्रत्येकी २६,६००, कारण तो माल दोघांनी विकला. प्लॉटचा रेट पडल्याचं नुकसान निखिलच्या घराने सोसायचं. मला विचाराल तर वाटणी न्याय्य होती, पण ती धंदा सुरू करायच्या आधी ठरायला हवी होती, भांडणानंतर नाही.

काय केलं

एका रविवारी मीच गावाला गेले. शेडमध्ये नाना, निखिल, सायली आणि मी, मधे वही. नाना आधी म्हणत होते की कशाला पोरांकडून पैसे, मी म्हटलं नाना, व्यापाऱ्याकडून सोडता का? मग त्यांनीच रेट सांगितला, ४० रुपये, सोनाकाच्या बारा लाईनी. तोडणीची मजुरी मुलांनी द्यायची. मागच्या मजुरीचे १२,६०० मात्र त्यांनी घेतले नाहीत, म्हणाले ते माझ्या अंगावर राहू द्या.

दोघांनी आपसात पण कागद केला. दोन व्यक्ती मिळून नफ्यासाठी धंदा करत असतील तर १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे ती भागीदारीच होते, नोंदणी केली नाही तरी, फक्त नोंदणी नसली तर अशा कराराच्या जोरावर कोर्टात दाद मागता येत नाही. दोन महिन्यांच्या धंद्याला नोंदणीची गरज नव्हती, पण कोण किती पैसे घालणार, नुकसान कसं वाटणार, मधेच कुणी सोडलं तर काय, हे एका पानावर लिहून सह्या केल्या. फूड लायसन्सचं साधं रजिस्ट्रेशन सायलीच्या नावाने काढलं, वर्षाला १०० रुपये, १२ लाखाच्या आतल्या उलाढालीला तेव्हा तेवढंच लागायचं. बाजार समितीची अडचण नव्हती, महाराष्ट्रात २०१६ पासून फळं-भाजीपाला समितीच्या बाहेर थेट विकता येतो. ताज्या द्राक्षाला जीएसटी नाही. आणि नानांना मिळालेले पैसे शेतीचं उत्पन्न, मुलांच्या हातात राहील ते धंद्याचं उत्पन्न, हे कप्पे वेगळे पाहिजेत, टॅक्स लागो न लागो.

रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसातली साखर मोजायचं छोटं यंत्र, घेतला, १,६०० चा. याचं कारण पहिल्या पाच आठवड्यात परत आलेले बहुतेक बॉक्स आंबट म्हणून आले होते. निफाडची थंडी तुम्हाला माहितीये, त्या थंडीत साखर भरायला वेळ लागतो, मणी दिसायला तयार दिसतो पण चव नसते. आणि द्राक्ष आंब्यासारखं आढीत घालून पिकत नाही, तोडताना जेवढं गोड तेवढंच. मण्याचा रस त्या काचेवर टाकायचा, उजेडाकडे धरून आकडा बघायचा, १८ ब्रिक्सच्या (हे साखरेचं माप) खाली असेल तर घड झाडावरच ठेवायचा. नानांनी पहिल्यांदा तोंडात मणी टाकून आकडा सांगितला, साडेसतरा, आणि काचेत १७.४ आला. निखिलचा चेहरा बघण्यासारखा होता.

बॉक्स १९० केला. डिलिव्हरी रोज ऐवजी बुधवार आणि शनिवार, त्या दिवशी सोसायटीच्या गेटवर ठरलेल्या वेळेला येऊन न्यायचं. आणि बारीक घडांसाठी सायली चक्क तिच्याच गेटवरच्या हातगाडीवाल्या काकांकडे गेली, ज्यांचं गिऱ्हाईक तिने महिनाभर तोडलं होतं. काकांनी आधी ऐकवलं भरपूर, मग ४२ ने रोख घ्यायला तयार झाले. मला विचाराल तर सगळ्या प्रकरणातली सगळ्यात धाडसी गोष्ट ही.

काय झालं

मार्चचे चार आठवडे चाललं. बारा लाईनींमधून २,१५० किलो निघाला. त्यातला १,३०० किलो बॉक्समध्ये, म्हणजे ६५० बॉक्स, ७२० किलो हातगाडीला, १३० किलो वाया, त्यातला बराचसा मार्चच्या मधल्या अवकाळीत. विक्री १,५३,७४०. खर्च: नानांचे ८६,०००, मजुरी ११,२००, बॉक्स ९,१००, पिकअप ७,२००, पेट्रोल २,९००, रिफ्रॅक्टोमीटर १,६००, परत दिलेले १,५२०. राहिले ३४,२२०, प्रत्येकी १७,११०. तास पण बरेच कमी झाले होते, दोघांचे मिळून १४४, म्हणजे तासाला २३७ रुपये.

किंमत वाढल्यावर चाळीसेक नेहमीची घरं सुटली. बाकीची राहिली, आंबट माल येणं थांबलं म्हणून असावं.

सायलीने मागच्या २६,६०० पैकी ११,००० घरून घेऊन आधीच दिले होते, राहिलेले १५,६०० या वाट्यातून वळते केले. तिच्या हातात राहिले १,५१०. मार्चच्या शेवटच्या रविवारी ती माझ्याकडे आली आणि खूप रडली, म्हणाली दोन महिने राबून पंधराशे. मी तिला खोटा धीर दिला नाही. पहिल्या पाच आठवड्यांचे ३५ हजार तिचे नव्हतेच हे तिला कळत होतं, पण कळणं आणि हातातून जाणं यात फरक असतो. स्पर्धेत त्यांनी भाग घेतला नाही.

पुढच्या वर्षी काय झालं ते सांगणं गरजेचं आहे. नोव्हेंबर २०२३ च्या शेवटी अवकाळी आणि गारपिटीने निफाड तालुक्यात बागा झोडपल्या, नानांचा थॉमसन जवळजवळ गेला. ‘घरचा माल’ राहिलाच नव्हता. पण वहीत द्राक्षाचा रकाना आता होताच, फक्त त्यात नानांच्या जागी दिंडोरीच्या दोन शेतकऱ्यांची नावं आली, रेट ५२ लागला, बॉक्स २३० ला गेला. ४८० बॉक्स विकले, साधारण २१ हजार राहिले. सायली फेब्रुवारीत आर्टिकलशिपला, म्हणजे सीएच्या प्रशिक्षणाला लागली, त्या एका पानाच्या कागदाप्रमाणे तिचा हिशोब एका तासात पूर्ण झाला, आणि दोघं अजून चांगले मित्र आहेत. निखिल अजून करतो, छोटाच धंदा आहे, नोकरी सांभाळून.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी मी. मुलांनी मला दुसऱ्या आठवड्यातच सांगितलं होतं की धंदा सुरू केलाय, तेव्हा मी पाच मिनिटं वही बघितली असती तर तीन आठवड्यांची वेचणी वाचली असती. मी ऑर्डरचा आकडा ऐकला आणि खूश झाले.

दुसरं, सुरुवात सोनाकाच्या दोन लाईनींवर करता आली असती. चुकले असते तरी अर्ध्या एकरातल्या दोन लाईनींपुरतं. सगळ्या एकरात फिरून वेचल्यामुळे चूक सगळ्या एकराला लागली.

वाटणीचं तर आहेच. पैसे दर आठवड्याला निम्मे निम्मे वाटायची घाई केली नसती, सीझन संपेपर्यंत खात्यातच राहिले असते, तर नानांची तारीख आली तेव्हा ते तिथे असते. तरुण मुलांना हातात पहिले पैसे आले की थांबवत नाही, मला समजतं, पण निदान माल कुणाचा आहे त्याचे आधी बाजूला काढायचे.

आणि नाना. मला हे बरेच दिवस खटकत होतं की नानांना वेचलेल्या मालाचं गणित पहिल्या दिवसापासून माहीत असणार, मग ते बोलले का नाहीत. एकदा विचारलंच. म्हणाले, “पोरगं इतक्या वर्षात पहिल्यांदा स्वतःहून पहाटे बागेत यायला लागलं होतं मॅडम. म्हटलं येऊ दे.” यावर मी त्यांना काय वेगळं करायला सांगणार.

आता माझ्याकडे कुणी मुलं घरच्या मालाचा, घरच्या जागेचा, घरच्यांच्या हातच्या पदार्थाचा धंदा घेऊन आली की मी पहिल्या मीटिंगला घरच्या त्या माणसाला सोबत आणायला सांगते. यावर्षी एकजण उडदाच्या पापडाचं घेऊन आला, आई लाटणार, हा विकणार. आई आल्या होत्या, डाळीचा भाव, पापडखाराचा भाव तोंडपाठ, सगळं लिहून झालं, आणि वही मिटता मिटता हळूच विचारलं की माझ्या लाटण्याचे पण धरायचे का. धरले, किलोमागे ६० रुपये, आणि पहिल्या रकान्यात लिहिले.